झाकला गुडघा

लॉर्कनचं म्हणणं साधं होतं:
गुडघा हा घरगुती अवयव आहे.
गुडघा दिसला की मागोमाग माणूस दिसतो,
टोमॅटोला पाणी घालणारा,
बुधवारी रात्री कचऱ्याचा डबा फाटकाबाहेर ठेवणारा.
त्याला बघायला कोण तिकीट काढेल?
झाकला गुडघा सव्वा लाखाचा.

एक्याण्णव साली त्याने हे वहीत लिहून ठेवलंय,
गाण्यांच्या यादीमागच्या पानावर,
खाली चौघांच्या सह्या.
मरे नदीत एकाच दोरीला लोंबकळून
उड्या मारत वाढलेले चौघे,
अक्षरशः चड्डीयार.
तर चड्डीयारांनी चड्डीवर बंदी घातली,
आणि डेल्मारने ड्रम्सच्या आड बसून
ती तीस वर्षं मोडली.
त्याचं कोण बघतंय.

मी त्यांचे दिवे सांभाळते.
कमरेखाली किती उजेड सोडायचा
हे माझ्या दोन बोटांवर असतं.
रात्री स्टेजवर कुणालाच पाय नसतात,
मी दिल्याशिवाय.

पण मिल्ड्युरात, जानेवारीत,
संध्याकाळी साडेसहाला ऊन दुपारसारखंच उभं होतं.
सावलीत त्रेचाळीस.
केबलचं रबर बोटांना चिकटत होतं,
सुरात लावलेली गिटार खाली ठेवेपर्यंत बेसूर.
तेवढ्यात कॉर्बी आला, टपालाची फेरी संपवून थेट,
निळ्या हाफ पँटमध्ये,
मोज्यांवर भाजलेल्या पोटऱ्या,
डाव्या गुडघ्यावर कुणाच्या तरी कुत्र्याची जुनी सही.
जीन्स घरी राहिली होती. घर बावीस किलोमीटरवर.

ट्रकच्या मागे भांडण झालं.
"अर्ध्या गावाच्या पेटीत मी पत्रं टाकतो.
माझे पाय ओळखतात हे सगळे."
"तेच तर," लॉर्कन म्हणाला,
चामड्याच्या पँटमध्ये, आधीच ओलाचिंब.
"तुझी अक्कल गुडघ्यात आहे."
"मग निदान दिसू तरी दे."

मला विचारलं, काही करता येईल का.
मी आकाशाकडे बोट केलं.
आजचा दिवा माझा नव्हता.

पहिल्याच गाण्यात मागून कुणी ओरडलं,
"माझं पार्सल कुठंय?"
लोक हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.
एवढा मोठा आवाज, आणि त्याच्या मधोमध
दोन गुडघे,
शाळेच्या फोटोतल्या पहिल्या रांगेसारखे.

मग चौथं गाणं आलं,
ज्याच्या मध्यावर कॉर्बी वर्षानुवर्षं गुडघ्यांवर बसतो.
जीन्समध्ये ते सोपं असतं.
टाळ्या मागायची ती एक रीत आहे.
स्टेजच्या काळ्या फळ्या दिवसभर तापलेल्या,
दुपारी त्यांच्यावर चिकटवलेल्या टेपचा गोंद
वितळून वाहिला होता.
मला वाटलं, आज नाही बसणार.

बसला.

चेहरा बदलला त्याचा. वाटलं उठेल.
रोज आठ मात्रांत संपणारी ती ओळ
तो ओढत राहिला, ओढत राहिला,
एकाच जागी बोट दाबून,
जसं काही जे भाजत होतं
ते तारेवाटे बाहेर काढायचं होतं.
पार्सलवाला गप्प.
नदीकाठचे काकाकुवे तेवढे बोलत होते.

नंतर ट्रकमध्ये लॉर्कनने बुटातून घाम ओतला,
खरोखर ओतला, कपभर,
आणि पँट सोलून काढली.
त्याचे पाय मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले,
पांढरे, काटकुळे,
दुसऱ्या कुणाकडून मागून आणल्यासारखे.
त्या पायांवर उकिडवा बसून
तो कॉर्बीच्या गुडघ्यांवर बर्फ धरत होता.
"मूर्खा," म्हणत होता,
"जीन्स कशासाठी असते?"

वहीतला नियम कुणी खोडलेला नाही.
नव्या बँडची पोरं येतात, विचारतात,
हाफ पँट चालेल का स्टेजवर?
मी म्हणते, कितीला सुरू करताय?
आणि मध्येच कुठे
गुडघे टेकणार आहात का?